नादबुवांचा कोप आणि एक जास्तीचा ठोका

गाळा नंबर नऊच्या बाहेर चपलांचा ढीग रस्त्याच्या मध्यापर्यंत आला होता. चिंचपोकळी स्टेशनकडे जाणारी माणसं त्यात अडखळत होती, शिव्या हासडत होती आणि आत कोण बसलंय हे कळल्यावर त्याच तोंडाने जीभ चावत होती. आत श्री नादब्रह्म महाराज बसले होते. लोक त्यांना प्रेमाने नादबुवा म्हणत.

गाळा पूर्वी पत्र्याच्या पेट्यांचा कारखाना होता. पेट्या गेल्या, बुवा आले. शेजारच्या दहा नंबरात मात्र अजून बिजागऱ्या कापायचा प्रेस धाडधाड आपटत असे. त्या दणक्याने बुवांच्या गाळ्यातले देवांचे फोटोही हलत, आणि देव हलले म्हणून बायका हात जोडत.

चमत्कार असा होता. भक्ताने चिठ्ठीवर आपलं नाव लिहायचं आणि त्याखाली दुखणं, तेही एकाच शब्दात. चिठ्ठी बुवांचे पुजारी कुशाबा वाचणार, तांब्यात टाकणार आणि वर नारळ ठेवून तांब्याचं तोंड बंद करणार. बुवा दहा हातांवर, भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर तिहेरी पट्टी बांधून बसलेले. मोबाइल सगळ्यांचे बाहेर टोपलीत. बुवांच्या कानात काही यंत्रबिंत्र आहे का, हे एका अविश्वासू इसमाने टॉर्च मारून बघितलं होतं. त्याला मळाशिवाय काही दिसलं नाही.

मग कुशाबा हातात घंटी घेऊन मालवणी गाऱ्हाणं घालत.

"बा देवा म्हाराजाऽऽ! आज ह्या लेकरू तुझ्या पायाशी इला आसा, रे म्हाराजा!" ठण ठण ठण ठण.

"व्हय म्हाराजा!" दीडशे माणसं एका सुरात.

"तेचा काय इडापिडा असात ती वाटेक लाव, रे म्हाराजा!" ठण ठण ठण.

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं संपलं की कुशाबा देवाला जागवायची शेवटची घंटा वाजवीत. मग बुवांचा आवाज भिंतीवर आपटून परत येई.

"द... दर... दर्शन... दर्शना! कोण आहे दर्शना?"

गुरुवारी दुपारी दर्शना धुरी खरोखरच तिथे होती, आणि आपलं नाव ऐकून तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिच्या एका बाजूला सासू जाईबाई, दुसऱ्या बाजूला दहा वर्षांची मुलगी बकुळा आणि मागे, हातात इंजेक्शनची डबी घेऊन, शेजारच्या कालिंदीकाकू बेहेरे. काकूंचं बुवांकडे काही काम नव्हतं. पण बकुळाला लहानपणापासून मधुमेह होता, दुपारी जेवायच्या आधीची सुई काकूच टोचत, आणि रांग काही हलत नव्हती. म्हणून वेळ टळू नये एवढ्यासाठी त्या डबी घेऊन आल्या होत्या.

दुसरं गाऱ्हाणं दुखण्याचं. त्याच्या शेवटी घंटी न वाजता शंख वाजला, आणि बुवा म्हणाले, "सखर... साखर! लेकराच्या रक्तात साखर आहे!"

जाईबाईंनी तिथल्या तिथे लोटांगण घातलं.

"साखर म्हणजे काय?" बुवा भिंतीला विचारू लागले. "साखर म्हणजे गोडवा. गोडवा म्हणजे नाद. तुमच्या लेकराच्या अंगात नाद साठलाय आणि तुम्ही त्याला सुया टोचताय! सुई लोखंडाची. लोखंड आलं की ब्रह्मांडाची रेंज जाते. येत्या रविवारी सुया, पेन, बाटल्या सगळं ताटात घालून आण. रविवारपासून सुई बंद!"

"आजी, सुई बंद?" बकुळाने विचारलं. तिचा चेहरा इतका उजळला, की कालिंदीकाकूंनी हातातली डबी घट्ट धरली.

संध्याकाळी धुरींच्या घरात काकू बोलायला गेल्या. बोलण्यात त्या कधी कोणाला हार जात नसत. अडतीस वर्षं फोर्टातल्या तार ऑफिसात काढलेली बाई. सुरुवातीला मोर्सची कट्टकडकट्ट, मग टेलिप्रिंटर. देशातली तार बंद झाली त्याच वर्षी त्याही निवृत्त झाल्या होत्या. पण त्या दिवशी त्यांची डाळ शिजेना.

"दर्शना, डॉक्टर काय म्हणाले होते? हिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. सुई बंद केली तर दोन-तीन दिवसांत पोर बेशुद्ध पडेल. पुढचं मी बोलत नाही."

दर्शना पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून ती म्हणाली, "काकू, दिवसातून चार वेळा टोचायचं, त्यातलं तीन वेळा मी माझ्या पोरीला टोचते. पोटावर जागा उरली नाही तिच्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, की नको टोचूस." आणि ती रडायला लागली.

काकूंनाही रडू येत होतं, पण दोघींनी रडून भागणार नव्हतं.

जाईबाई सुपारी कातरत होत्या. "बेहेरेबाई, तुमी शिकलेली माणसां. माका एवढाच सांगा, दर्शनाचा नाव तेंका कोणी सांगल्यान? डोळ्यार पट्टी, तोंड भितीकडे! देवाशिवाय कोण सांगतलो?"

दर्शनाचा नवरा राजेश कोपऱ्यात मोबाइल चोळत बसला होता. तो दहा नंबरातल्या त्याच प्रेसवर काम करायचा. "काकू, मला पण पटत नाय. पण आई बोलते ते पॉइंट आहे ना. नाव कसं कळलं?"

"आणि नाव कसं कळलं ते मी दाखवलं तर?"

जाईबाईंचा अडकित्ता थांबला. "तर मी सोताच ती डबी ताटातसून उचलतलंय. माझी नात आसा ती. पण दाखवा. नुसती बडबड नको."

दाखवायला तीन दिवस होते.

शुक्रवारी सकाळीच कालिंदीकाकू गोमुखीत हात घालून बुवांच्या गाळ्यात जाऊन बसल्या. गोमुखीत जपमाळ होती. म्हातारी बाई जप करते म्हणून दोघातिघांनी पायाही पडून घेतलं. काकू जप करत नव्हत्या. त्या घंटीचे ठोके मोजत होत्या.

कारण गुरुवारीच त्यांच्या कानाला काहीतरी खटकलं होतं. ज्या कानाने अडतीस वर्षं टिकटिक ऐकली, तो कान निवृत्त होत नाही. देवळातला पुजारी घंटी वाजवतो ती आपली मनाला येईल तशी. कुशाबांची घंटी मात्र कधी चार, कधी तीन, कधी सहा, आणि मग चोख थांबलेली. प्रत्येक ओळीला एक आकडा. गाऱ्हाणंही कधी चार ओळींचं, तर कधी दहा ओळींचं.

"लांब नावाच्या माणसाचा गाऱ्हाणा लांब," शेजारी बसलेल्या जाईबाईंनी कानात सांगितलं. "देवाक पण येळ लागता."

"असं होय," काकू म्हणाल्या आणि एक मणी पुढे सरकवला.

तेवढ्यात सीताराम नावाच्या एका इसमाचं गाऱ्हाणं संपलं आणि बुवा कडाडले, "किंतु! कोणाच्या तरी मनात किंतु आहे! गाऱ्हाणं परत घाल!"

सीतारामने आपल्याच गालात मारून घेतल्या. कुशाबांनी तेच गाऱ्हाणं पुन्हा घातलं, तेच ठोके पुन्हा वाजवले, आणि या खेपेला बुवांनी नाव बिनचूक सांगितलं. किंतु गेला म्हणून गर्दीने सुटकेचा निःश्वास टाकला. काकूंनी मात्र दुसरीच गोष्ट टिपली. पहिल्या गाऱ्हाण्यात, ऐन ठोक्यांच्या वेळी, शेजारचा प्रेस धाडकन आपटला होता.

त्या दिवशी बुवा अकरा वेळा कोपले. अकराही वेळा एक तर प्रेस आपटला होता, नाही तर एखाद्याने घाईघाईत "व्हय म्हाराजा" आधीच ठोकून दिलं होतं.

रात्रीच्या जेवणाआधी काकूंनी राजेशला जिन्यात गाठलं. "काय रे, तुमचा प्रेस बंद कधी असतो?"

"एक ते दोन. जेवायची सुट्टी. आणि रविवार फुल बंद. का?"

"आणि तुझी आई म्हणते, दुपारी एक ते दोन देव शांत असतो आणि रविवारी तर कध्धी कोपत नाही. रविवारची गर्दी त्यासाठीच."

राजेशने डोकं खाजवलं. "च्यायला. म्हणजे देव कोपतो तो माझ्या मशीनमुळे?"

"देव नाही रे. ऐकणारा कोपतो. त्याचा एखादा ठोका बुडतो."

काकूंनी वीजबिलाच्या पाठीवर सगळे आकडे मांडले. तारेची कट्टकडकट्ट लावून पाहिली, जमेना. मग त्यांच्या लक्षात आलं, की आकडे जोडीजोडीने येतात. जोडीतला पहिला सातापुढे जात नाही, दुसरा पाचापुढे जात नाही. सात ओळी आणि ओळीत पाच घरं! त्यांनी कपाळावर हात मारला. पहिलीच्या पोराला पाठ असलेली ती गोष्ट होती. क ख ग घ ङ ही पहिली ओळ, च छ ज झ ञ ही दुसरी, तिसरी टठडढणची, चौथी तथदधनची, पाचवी पफबभमची, सहावी य र ल व श आणि सातवी ष स ह ळ. चौथ्या ओळीतलं तिसरं अक्षर द. सहाव्यातलं दुसरं र. सहाव्यातलं पाचवं श. चौथ्यातलं पाचवं न. द, र, श, न. काना-मात्रा-वेलांटी बुवांनी अंदाजाने भरायची. म्हणून तर ते "दर... दर्शन... दर्शना" असे चाचपडत. लोकांना वाटे देव हळूहळू प्रसन्न होतोय.

पण शेवटची देव जागवायची घंटा कशासाठी? दर्शनाच्या वेळी ती पाच वाजली होती. काकूंनी दर्शनाच्या नावाचे सगळे ठोके मिळवले. चार, तीन, सहा, दोन, सहा, पाच, चार, पाच. बेरीज पस्तीस. तीस सोडले, उरले पाच! साखरेचे मिळवले तर वीस. दहाच्या पटी सोडल्या तर उरलं शून्य. शून्य ठोके कसे वाजवणार? म्हणून शंख.

काकू एकट्याच स्वयंपाकघरात मोठ्याने हसल्या. ही तर त्यांच्याच घरची चाल! पूर्वी तार धाडताना माथ्यावर मजकुरात शब्द किती, तो आकडा जायचा. तार चार शब्दांची असो की चाळीस, पलीकडच्याने शब्द मोजायचे. बारा म्हटलं आणि अकराच आले, की वाटेत काहीतरी सांडलं. "पुन्हा पाठव." आताही आपण मोबाइलवरून फोटो पाठवतो, तेव्हा आतल्या आत आकड्यांची अशीच बेरीज होते, ती मागोमाग जाते आणि पलीकडचं यंत्र ताळा करून बघतं. त्याला चेकसम म्हणतात. बुवा तेच करत होते. ताळा जुळला की साक्षात्कार, नाही जुळला की कोप. "तुझ्या मनात किंतु आहे" याचा सरळ मराठी अर्थ होता, "कुशाबा, एक ठोका कमी आला, परत वाजव."

शनिवारी काकूंनी खात्री करून घेतली. पिशवीत घरच्या देव्हाऱ्यातली घंटी टाकली आणि बरोबर दीड वाजता, प्रेस बंद असताना, गाळ्यात हजर झाल्या. शामराव नावाच्या एका आजोबांचं गाऱ्हाणं चालू होतं. कुशाबांनी पाच ठोके दिले. काकूंनी भक्तिभावाने डोळे मिटून सहावा दिला.

"किंतु!" बुवा ओरडले.

गर्दी चपापली. दुपारच्या वेळेला देव आजवर कोपला नव्हता. बिचाऱ्या शामरावांनी कान पकडले. कुशाबांनी काकूंकडे बघितलं, काकूंनी त्यांना नमस्कार केला. दुसऱ्या खेपेला काकू गप्प बसल्या आणि बुवांनी शामरावांचं नाव झटकन सांगून टाकलं.

म्हणजे सगळं जुळलं. पण नुसतं गर्दीला समजावून भागणार नव्हतं. "म्हातारीला चळ लागलाय," एवढं म्हटलं की काम तमाम. बुवांना अशा ठिकाणी नेऊन उभं करायला हवं होतं, जिथे ते ठासून चुकतील.

आणि ते कसं चुकवायचं हे काकूंना तार ऑफिसातल्या एका जुन्या फजितीने शिकवलं होतं. त्यांच्या हातून एकदा तारेतला एक शब्द गळला आणि दुसऱ्या एका शब्दाचे दोन झाले. एक वजा, एक अधिक. शब्दांचा आकडा बरोबर आला, कोणाला शंका आली नाही, आणि नागपूरची मंडळी मुलगी पाहायला दोन दिवस आधीच येऊन दारात उभी राहिली. ताळ्याला एक चूक लगेच सापडते. पण दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं, तर ताळा खुशाल मान डोलावतो.

रविवार उजाडला. दहा नंबरचा प्रेस बंद होता, त्यामुळे देव प्रसन्न होता, त्यामुळे गर्दी दीडपट होती. दर्शनाच्या हातात ताट होतं. ताटात हळदकुंकू, फुलं आणि मध्ये बकुळाची डबी. सकाळची सुई दर्शनाने "शेवटची" म्हणून टोचली होती. बकुळा नवा फ्रॉक घालून आली होती.

कालिंदीकाकूंचा नंबर दर्शनाच्या आधी होता. त्यांनी जाईबाईंच्या हातात एक घडी घातलेला कागद ठेवला. "पदराला गाठ मारून ठेवा. माझं झालं की उघडा. आधी नाही."

"ह्या काय?"

"आपलं ठरलंय ते."

जाईबाईंनी संशयाने बघितलं, पण गाठ मारली. काकूंनी चिठ्ठीवर दोन शब्द लिहिले, कुशाबांना दिले. कुशाबांनी वाचले, तांब्यात टाकले, नारळ ठेवला. काकूंच्या हातातल्या घंटीकडे त्यांनी रोखून बघितलं, पण दोन-अडीचशे माणसांसमोर देवाची घंटी काढून कशी घेणार!

"बा देवा म्हाराजाऽऽ! ही माऊली तुझ्या दारात इली आसा, रे म्हाराजा!" ठण ठण ठण ठण.

ठण. हा काकूंचा.

कुशाबांचा चेहरा कसनुसा झाला. "व्हय म्हाराजा!" गर्दी गरजली, आणि गाऱ्हाणं एकदा सुटलं की अर्ध्यात थांबवता येत नाही. पाच ठोके, चार ठोके, तीन ठोके, सगळं यथासांग पार पडलं. बेरीज सोळा, म्हणून कुशाबांनी शेवटी सहा वाजवले. काकूंनी डोळे मिटून सातवा वाजवला. बुवांच्या कानी पडलेली बेरीज सतरा, आणि शेवटची घंटा सात. ताळा चोख.

"म... मंद... मंदा!" बुवांचा आवाज आत्मविश्वासाने भरून आला. "मंदा नावाची बाई आहे. उंच, सावळी. दोन लेकरांची आई. नवरा दारू पितो!"

कुशाबांनी खाकरायला सुरुवात केली. खाकरणं काही ठरलेल्या खुणेत बसत नव्हतं, त्यामुळे बुवांनी त्याकडे लक्ष दिलं नाही.

"आता दुखणं!" काकू मोठ्याने म्हणाल्या.

दुसरं गाऱ्हाणं. कुशाबांना घाम फुटला होता. पहिल्या ओळीला चार ठोके, आणि पाचवा काकूंचा. शेवटी कुशाबांचा एक, त्यावर काकूंचा एक. बुवा दोन क्षण थांबले. मग त्यांनी भिंतीकडे दोन्ही हात पसरले.

"पाप! मंदाच्या घरात जुनं पाप आहे! तिच्या आजेसासूने नागाचं वारूळ मोडलं!"

गर्दीतून भीतीची लाट गेली. काकू उठून उभ्या राहिल्या. "जाईबाई, उघडा कागद. मोठ्यांदी वाचा."

जाईबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि अक्षर अक्षर वाचलं. "म्हाराज... मंदा... म्हणतील. मग... पाप... म्हणतील. माझ्या चिठीत... यातला काहीच नाय."

सगळ्या माना तांब्याकडे वळल्या.

"सीताराम, तांब्या उघड रे," काकू म्हणाल्या.

कुशाबा आडवे आले, पण सीतारामच्या गालांना शुक्रवारची आठवण होती. त्याने नारळ काढला, चिठ्ठी उलगडली. "नंदा. ताप."

"नंदा कोण ती?" मागून कोणी विचारलं.

"आमच्या जिन्याखालची मांजर. तिचा नवरा दारू पितो की काय, ते चौकशी करून सांगते."

आधी एक पोरगी खुदकन हसली, मग सगळा गाळा. बुवांनी पट्टी ओढून काढली. "किंतु! ह्या बाईच्या मनात किंतु आहे!"

"आता कसला किंतु, महाराज?" काकू म्हणाल्या. "बेरीज तर जुळली होती तुमची!"

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. ओळीचा आकडा, घराचा आकडा, शेवटी उरलेला ताळा. बोललेलं सगळ्यांना पटेलच असं नाही, म्हणून राजेशला बुवांच्या आसनावर बसवलं, डोळ्यांवर तीच पट्टी बांधली. आदल्या संध्याकाळपासून तो काकूंच्या घरात भांड्यांवर सराव करत होता. एका बाईने काकूंच्या कानात नाव सांगितलं, काकूंनी घंटी वाजवली.

राजेश बोटं मोडत पुटपुटला, "एक-एक, क. सहा-पाच, श. पाच-तीन, ब. टोटल एकवीस, बाकी एक, आणि वाजला पण एक. कुशाबा!"

गर्दीने टाळ्या पिटल्या. दुसऱ्या वेळी एका खट्याळ म्हाताऱ्याने मध्येच एक ठोका जास्त मारला, तेव्हा राजेश बुवांच्याच आवाजात गरजला, "किंतु! परत घाला!" हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या गडबडीत मागच्या दाराने सटकायला निघालेल्या नादब्रह्म महाराजांना दहा नंबरच्या कामगारांनी अडवलं आणि चहा पाजत पोलीस येईपर्यंत बसवून ठेवलं. जादूटोण्याविरुद्ध आपल्या राज्यात कायदा आहे, हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

पण एक आजोबा, तेच शामराव, अजून हात जोडून उभे होते. "बाई, माझं नाव मात्र त्यांनी बरोबर सांगितलं होतं हो."

काकूंचा आवाज मऊ झाला. "बरोबर सांगितलं, आजोबा. रोज शंभर नावं बरोबर सांगत होते. ताळा जुळला म्हणजे निरोप वाटेत बिघडला नाही, इतकंच कळतं. निरोप खरा की खोटा, ते ताळा सांगत नाही. खोटी तारसुद्धा शब्द मोजून बिनचूक पोहोचवता येते, मी पोहोचवल्यात. आणि समजा, एखाद्याने खरंच देवाला विचारून तुमचं नाव ओळखलं, तरी नाव ओळखता आलं म्हणून औषध ओळखता येतं का? पोस्टमनला आपल्या सगळ्यांची नावं पाठ असतात. आपण त्याच्याकडून ऑपरेशन करून घेतो का? गाऱ्हाणं घाला, देवाला हात जोडा, मी नको म्हणत नाही. पण कोणी औषध बंद कर म्हणालं, तर एवढंच विचारा, की तुला हे कशावरून कळलं? आणि ज्याला हा प्रश्न विचारला की राग येतो, त्याच्या दारात पोराबाळांना घेऊन जाऊ नका."

जाईबाई पुढे आल्या. त्यांनी ताटातली डबी उचलली, तिच्यावरचं कुंकू पदराने पुसलं. "दर्शना, चुकलंय गो मी," त्या म्हणाल्या. "चेडवाक, माझ्या नातीक मारून टाकतलंय होतंय." आणि भर गर्दीत त्या सुनेच्या गळ्यात पडल्या.

बकुळा हे सगळं बघत उभी होती. सगळे हसत होते तेव्हा तीही हसली होती. आता तिला हिशेब लागत होता. तिने कालिंदीकाकूंची बोटं धरली.

"काकू, म्हणजे माझी सुई नाही सुटणार?"

दोन-अडीचशे माणसांना निरुत्तर करणाऱ्या काकू तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. बुवा गोड खोटं बोलले होते. काकूंना कडू खरं बोलायचं होतं, आणि तेही दहा वर्षांच्या पोरीशी.

"नाही गं बाळा," त्या म्हणाल्या. "नाही सुटणार."

बकुळाचे डोळे भरून आले. नव्या फ्रॉकच्या बाहीने तिने ते पुसले. मग ती आजीजवळ गेली, तिच्या हातातली डबी घेतली आणि इन्सुलिनचं पेन बाहेर काढून काकूंसमोर धरलं.

"मग शिकव मला," ती म्हणाली. "आजपासून माझी मीच टोचणार."